चौदा दिवसांचा पंधरवडा

॥ श्री ॥ जो नित्य उगवून मावळतो आणि जो वाढून घटतो, त्या उभयतांच्या साक्षीने. राज्याभिषेक शके एकेचाळीस, विरोधीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून पुढील संवत्सराच्या वैशाखापर्यंत एका राज्यात जे वर्तमान जाहले, ते आठवले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही आणि गरजही नाही, कारण चंद्र सर्व राज्यांवरून एकाच चालीने जातो.

त्या राज्यात महाराज शूर होते, परंतु घरच्या भांडणास फार भीत. थोरल्या बाईसाहेबांशी संसार होऊन वीस वर्षे लोटली होती, आणि माघात धाकट्या बाईसाहेब लग्न होऊन आल्या, आणि फाल्गुन उजाडतो तो दोन्ही महालांत ऐसी तेढ पडली की महाराज ज्वराचे निमित्त करून आठ दिवस कारभाऱ्यांच्या कचेरीत निजले. एकीकडे जावे तर दुसरीकडे चूल पेटत नसे. मग कारभाऱ्यांनी अर्ज केला की दिवसांची वाटणी करावी, आणि वाटणी ऐसी असावी की तीवर कोणास बोट ठेवता येऊ नये. तेव्हा महाराजांनी निळंभट जोशी यांस हुजूर बोलाविले. हे निळंभट चाळीस वर्षे राज्याचे पंचांग करीत आले होते. त्यांच्या अंगणात फरसबंद ओटा होता आणि ओट्यावर मध्यभागी शिसवी शंकू, म्हणजे सरळ उभी काठी रोविली होती, आणि रोज ऐन मध्यान्ही ते तिची छाया मोजीत. छाया थंडीत लांबे आणि उन्हाळ्यात आखडे, आणि तिजवरून सूर्य उत्तरेस किती आला, दक्षिणेस किती गेला, ऋतू कोठवर पोचला हे ते सांगत. दोरीचे एक टोक शंकूच्या पायाशी ते स्वतः धरीत आणि दुसरे टोक छायेच्या शेंड्यावर त्यांची कन्या गोदूबाई धरी. ही गोदूबाई लग्नानंतर चार वर्षांत कपाळ पांढरे होऊन माघारी आली होती, आणि ते दिवसापासून दोरीचे टोक तिजकडे होते. ओटा पवित्र म्हणून त्यावर अनवाणी उभे राहावे लागे.

निळंभटांचे घरी मत्सराचे बीज जुनेच होते. त्यांची बायको हयात होती तेव्हा थट्टेने म्हणे की मलाही सवत आहे, पंधरा दिवस लठ्ठ होते आणि पंधरा दिवस रोडावते, पण म्हातारी होत नाही आणि मरतही नाही. ती वारली ते सायंकाळी निळंभट चंद्रोदयाची घटिका पाहण्यास अंगणात गेले होते, आणि आत आले तो सर्व संपले होते. गोदूबाईने ती गोष्ट कधी उच्चारली नाही आणि कधी विसरली नाही. बाप एकच, आणि त्याजवर सूर्याचा वाटा दिवसाचा, चंद्राचा वाटा सांजेचा, आणि लेकीस दोरीचे टोक, ऐसे तिच्या मनात पक्के जाहले होते. त्यातही वैशाखात एके दिवशी सूर्य थेट माथ्यावर येऊन छाया शंकूच्या पायात नाहीशी होई, त्या दिवशी निळंभट तिला म्हणत, "आज तुझे काम नाही, सावलीत बस." आणि ती घरात जाऊन बसे, आणि वर्षाच्या सर्व दिवसांत त्या एका दिवसाचा तिला राग येई.

तर फाल्गुन वद्यात महाराजांनी पुसले की जोशीबुवा, न्यूनाधिक नाही ऐसी वाटणी सांगा. ते समयी मध्यान्ह जवळ आली होती आणि निळंभट दारातल्या उन्हाकडे पाहत होते. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले, "महाराज, चंद्राने महिन्याचे दोन समान भाग करूनच ठेविले आहेत. शुक्लपक्ष एकीकडे, कृष्णपक्ष दुसरीकडे." आणि निरोप घेऊन झपाझप घरी आले, आणि छाया मोजली. महाराजांस ही तोड फार मानवली. थोरल्या बाईसाहेबांनी मानाने प्रथम निवड केली आणि शुक्लपक्ष घेतला, आणि धाकट्यांस कृष्ण राहिला. धाकट्या बाईसाहेब त्याच दिवशी दासीस म्हणाल्या की उजेडाचा पक्ष त्यांचा आणि अंधाराचा माझा, आता निदान दिवस तरी मोजून घेईन. आणि रखमा नावाची दासी होती, तिला आज्ञा जाहली की महाराज येथे राहतील तितके चिंचोके या बरणीत आणि तिकडे राहतील तितके त्या बरणीत रोज एक टाकावे.

मग चैत्र गेला आणि वैशाख गेला, आणि ज्येष्ठ आषाढही गेले, आणि श्रावणी अमावास्येस धाकट्या बाईसाहेबांनी दोन्ही बरण्या पाटावर ओतविल्या. पाहतात तो पाच महिन्यांत सहा चिंचोके उणे. त्यांच्या पक्षास प्रत्येक महिन्यात चौदाच दिवस पडले होते, आणि पलीकडे पंधरा, आणि एकदा तर सोळा. त्यांनी जेवणाचे ताट बाजूस सारले आणि महाराजांस निरोप धाडला की जोशी फितला आहे. महाराजांनी दुसरे दिवशी प्रातःकाळी त्यांच्याच महालाच्या चौकात सभा बोलाविली. एका चिकाच्या पडद्याआड धाकट्या बसल्या, आणि दुसऱ्या पडद्याआड थोरल्या, ज्यांस कोणी बोलाविले नव्हते आणि ज्या पालखी करून सर्वांच्या आधी आल्या होत्या. निळंभट मध्ये उभे राहिले, आणि गोदूबाई वह्यांचे गाठोडे घेऊन खांबापाशी.

धाकट्या बाईसाहेब बोलिल्या, "जोशीबुवा, पंधरवडा म्हणजे दिवस किती?"

"पंधरा, बाईसाहेब. कधी चौदा, कधी सोळा."

"चौदा माझ्याकडे आणि सोळा पलीकडे, हे कोण ठरवतो?"

"चंद्र ठरवतो."

"आणि चंद्राला दक्षिणा कोठून पोचते?"

सभेत हशा पिकला. पलीकडल्या पडद्यातून थोरल्या बाईसाहेब कोणास न उद्देशून म्हणाल्या की महाराज घरात असता ज्यांस चिंचोके मोजण्याची फुरसत होते, त्यांचे सहा दिवस गेले तरी काय गेले. यावर महाराजांनी कारभाऱ्यांकडे पाहिले, आणि कारभाऱ्यांनी छताकडे पाहिले.

निळंभटांनी राग धरिला नाही. चौकात धाकट्या बाईसाहेबांचा झोपाळा टांगला होता, तो त्यांनी हाताने हालविला आणि सांगितले की पाहावे, झोपाळा मध्यावर धावतो आणि टोकाशी रेंगाळतो, पण ज्या बाजूस रेंगाळला त्या बाजूची त्याने लाच खाल्ली नाही. चंद्राची वाटही नेमकी गोल नाही. तीत एक जागा पृथ्वीच्या जवळची आणि एक दूरची आहे, आणि जवळ आला की तो धावतो आणि दूर गेला की मंदावतो. सांप्रत जवळची जागा कृष्णपक्षात पडली आहे, म्हणून तो पक्ष धावत सरतो आणि शुक्ल रेंगाळतो. परंतु अमावास्या कोठे होणार हे सूर्याकडे पाहून ठरते, आणि पृथ्वी सूर्याभोवती चालते, म्हणून अमावास्येची जागा महिन्यास एक रास पुढे सरते. चंद्राची जवळची जागा मात्र थोडकीच हालते, आणि म्हणून सात महिने ती एका पक्षात राहते आणि पुढले सात महिने दुसऱ्या पक्षात. महाराजांनी मध्येच पुसले की पृथ्वी चालते म्हणता, आम्ही तर सूर्यच चालताना पाहतो. निळंभट म्हणाले, "आपण चालतो म्हणावे की तो चालतो म्हणावे, बाईसाहेबांच्या दिवसांत अंतर पडत नाही." मग पडद्याकडे वळून सांगितले की कार्तिकापासून फेरा उलटेल, आणि चैत्र अखेर धाकट्या बाईसाहेबांचा उणा दिवस एकही राहणार नाही.

धाकट्या बाईसाहेब म्हणाल्या, "मग फाल्गुनात 'समान' कसे म्हणालात?"

निळंभट उगे राहिले. चाळीस वर्षांत कोणी प्रश्न केला आणि त्यांनी उत्तर दिले नाही ऐसे प्रथमच जाहले. गोदूबाई फाल्गुनातल्या ते दिवशी ओट्यावर दोरी धरून त्यांची वाट पाहत होती, त्यामुळे घाई कशाची होती हे तिला ठाऊक होते. छाया चुकू नये म्हणून बाप एक शब्द कमी बोलला, ऐसे तिने तेव्हाच ओळखले होते, आणि सभेत उभे असता तिला वाटले की आई गेली तेव्हा चंद्र आडवा आला, आणि आता नाव जाते ते छायेपायी. मग त्या न बोलण्याचा अर्थ सभेने आपल्या मते लाविला. ठराव जाहला की निळंभटांच्या चाळीस वह्या मोहोर करून धाकट्या बाईसाहेबांच्या कोठीत राहाव्या, आणि ओट्यावरील शंकू उपटावा, आणि पंचांग धाकट्या बाईसाहेबांच्या माहेरचे जोशी येऊन करतील. निळंभटांनी भाद्रपदापासून वैशाखापर्यंत नऊ महिन्यांच्या अठरा पक्षांचे दिवस एका कागदावर लिहून द्यावे, आणि तो कागद धाकट्या बाईसाहेबांच्या पेटीत राहील. एक आकडा चुकला तर चाळीसही वह्या तळ्यात बुडवाव्या. निळंभटांनी घरी जाऊन दोन दिवस गणित केले आणि अठरा आकडे सांगितले, आणि गोदूबाईने लिहिले, आणि मग त्यांनी कागद मागून घेतला आणि शेवटी आपल्या हाताने काही लिहून घडी केली. तिने पुसले की काय लिहिले, तर म्हणाले की सही.

शंकू उपटला ते दिवसापासून निळंभट खाली बसले ते उठले नाहीत. भाद्रपदात अन्न तुटले. ते अंथरुणावरून रोज मध्यान्ही एकच गोष्ट पुसत, की आज छाया किती. गोदूबाईने त्यांस दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसरे दिवशी तिने घरातील मुसळ नेऊन शंकूच्या खळग्यात उभे केले आणि दोरीचे एक टोक दगडाखाली दाबून छाया मोजली आणि आत येऊन आकडा सांगितला. त्यांनी तो आकडा मागल्या वर्षाच्या आकड्याशी मनात ताडून पाहिला.

"शंकू आखूड झाला काय ग?"

"हो, बाबा."

"मुसळाची उंची मोजून ठेव. म्हणजे आकडा बसवता येईल."

आणि तिला हसू आले आणि दुसरेही काही आले, आणि ती स्वयंपाकघरात गेली. पुढे महिनाभर तो क्रम चालला. सूर्य दक्षिणेस उतरत होता आणि छाया दिवसाकाठी जवाजवाने वाढत होती, आणि निळंभट त्या मानाने उतरत होते. तुला बरे आहे काय, जेवलीस काय, ऐसे त्यांनी एकदाही पुसले नाही, छाया पुसली. आश्विन वद्य पंचमीस मध्यान्ही ती आकडा घेऊन आत आली तो ऐकणारे कोणी नव्हते. तिने तो आकडा तरीही सांगितला.

इकडे माहेरचे जोशी मोठ्या थाटाने आले होते. त्यांस वाटणीचा तंटा मुद्दामच सांगितला नव्हता. त्यांनी आपले गणित केले आणि भाद्रपदात कृष्णपक्ष चौदाच दिवसांचा दिला, तेव्हा धाकट्या बाईसाहेब म्हणाल्या की येथले पाणीच ऐसे आहे, आठ दिवसांत माणूस फितते. आश्विन पंधरा पंधरा गेला, आणि कार्तिकही पंधरा पंधरा, आणि त्या म्हणाल्या की उलटा फेरा तो हाच काय. परंतु मार्गशीर्षात शुक्ल चौदा आणि कृष्ण पंधरा जाहला. पौषात चौदा आणि सोळा. माघात चौदा आणि पंधरा, आणि फाल्गुनात पुन्हा चौदा आणि सोळा. रखमा चिंचोके टाकीत होती आणि धाकट्या बाईसाहेब त्याविषयी काही बोलत नव्हत्या. लोक म्हणत की त्यांचा झोपाळा आता गाण्यासहित हालतो. आणि पलीकडल्या महालात, जेथे वीस वर्षांत कोणी काही मोजले नव्हते, तेथे एक दासी वाटाणे टाकू लागली.

फाल्गुनी अमावास्येस थोरल्या बाईसाहेब संतापाने भर सकाळी दरबारात आल्या, पडदा लागण्याचीही वाट पाहिली नाही, आणि बोलिल्या, "चार महिने झाले, माझा पंधरवडा चौदा दिवसांचा होतो. बोलवा त्या जोश्याला."

कारभारी हळूच म्हणाले, "बाईसाहेब, निळंभट आश्विनात वारले."

थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "मग हे चौदा करतो कोण?"

ते ऐकून महाराजांनी मान खाली घातली, आणि मग गोदूबाईस बोलावणे गेले, आणि धाकट्या बाईसाहेबांसही पेटीसह. गोदूबाई मुसळाची छाया मोजण्याच्या तयारीत होती, तशीच आली. तिने सात महिने या दोघींचा मत्सर केला होता. एका दिवसासाठी यांनी सभा भरविल्या आणि एका दिवसासाठी बापाच्या हातची काठी उपटली, आणि यांचा गेलेला दिवस चंद्र परत आणून देतो, हे तिच्या मनात रोज येई. परंतु बोलताना तिने आवाज चढविला नाही.

"थोरल्या बाईसाहेब, हेच शब्द श्रावण सरता धाकट्या बाईसाहेबांच्या महालातून आले होते. तेव्हा बाबा उत्तर द्यायला उभे होते. आता उत्तर पेटीत आहे."

महाराजांनी मुदतीची वाट न पाहता पेटी उघडण्याची आज्ञा केली. धाकट्या बाईसाहेबांनी स्वहस्ते मोहोर फोडली आणि कागद कारभाऱ्यांच्या हाती दिला, आणि एकेक आकडा वाचला जाऊ लागला, आणि एका बाजूस रखमा चिंचोके मांडी आणि दुसऱ्या बाजूस पलीकडली दासी वाटाणे, आणि भाद्रपदापासून फाल्गुनापर्यंत चौदाही आकडे बरोबर उतरले, आणि चैत्र शुक्ल चौदा, कृष्ण पंधरा, वैशाख पंधरा पंधरा हे चार पुढले राहिले, त्यांविषयी माहेरचे जोशी आपले पंचांग पाहून म्हणाले की असेच आहे. सात गेले होते ते सात परत येत होते. मग कारभारी म्हणाले की खाली आणखी लिहिले आहे, आणि वाचू लागले, आणि वाचता वाचता थांबून कागद गोदूबाईच्या हाती दिला. कागदावर निळंभटांच्या अक्षरात होते: "समान हा शब्द मी घाईने बोललो. एका महिन्यात समान नसतात, चौदा महिन्यांत होतात, एवढे सांगायचे राहिले. छायेसाठी घाई नव्हती, छाया दुसऱ्या दिवशीही मोजता आली असती. मुलगी दोरी धरून उन्हात अनवाणी उभी होती. हे सभेत सांगण्यासारखे नव्हते."

गोदूबाईने ते दोनदा वाचले आणि घडी करून पदराच्या गाठीत बांधले. महाराजांनी निळंभटांच्या नावे सनद, पालखीचा मान, मागाल ते, ऐसे पुष्कळ म्हटले. तिने वह्या आणि शंकू मागितला. मग शंकू त्याच खळग्यात बसविला, आणि मुसळ धुऊन घरात गेले. परंतु दोरीस माणसे दोन लागतात. गोदूबाई बापाच्या जागी शंकूपाशी बसू लागली आणि दुसरे टोक दगडाखाली दाबी, आणि दगड सरके. हे धाकट्या बाईसाहेबांनी ऐकले, आणि चैत्र शुद्धात, म्हणजे ज्या पक्षात महाराज त्यांचेकडे नसत, त्या एके मध्यान्ही आल्या, आणि जोडे ओट्याखाली काढून म्हणाल्या, "माझे दिवस रिकामेच आहेत. टोक मी धरते." गोदूबाईने दोरी लगेच दिली नाही. ते टोक तिचे होते आणि ते दुसऱ्याच्या हाती पाहवेना, हे खरे लिहिले पाहिजे. मग दिली. वद्य पक्ष लागला तेव्हा थोरल्या बाईसाहेब पालखीतून उतरल्या आणि पुसू लागल्या की पलीकडच्यांच्या वाट्यास पक्ष किती दिवसांचा आला, आणि चौदा ऐकून म्हणाल्या की मग मी पंधरा धरणार. ऐसे त्या ओट्यावर दोघींचे पक्ष उलटे लागले. तेढ मोडली नाही, परंतु बरण्या बंद जाहल्या.

वैशाख शुद्ध नवमीस धाकट्या बाईसाहेब नित्याप्रमाणे आल्या आणि तापल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या. सूर्य माथ्यावर आला. छाया आखडत आखडत शंकूच्या पायात गेली आणि दिसेनाशी जाहली. त्या दोरीचे टोक घेऊन शेंडा शोधू लागल्या. गोदूबाईने त्यांच्या पायांकडे पाहिले, आणि मग बराच वेळ शंकूकडे पाहिले, आणि म्हणाली, "बाईसाहेब, आज तुमचे काम नाही. सावलीत बसा."

एवंच, पृथ्वी सूर्याभोवती चालते त्यामुळे छाया लांबते आणि आखडते, आणि चंद्र पृथ्वीभोवती कधी धावतो आणि कधी मंदावतो त्यामुळे पक्ष लहानमोठे होतात, आणि चौदा महिन्यांनी दोन्ही पक्ष सारखे येतात. राण्यांचे उणे भरले. वैशाख अखेर बेरीज पुरी जाहली. निळंभटांच्या वह्या चाळीस होत्या, एकेचाळिसावी चालू आहे. अक्षर वेगळे आहे.